इंदूरबाहेरच्या दोन विद्यापीठांत प्रवेश मिळाल्यावर निवड कशी करावी

मध्य प्रदेशाबाहेर शिकायला जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना अर्ज कसा भरावा, परीक्षेची तयारी कशी करावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. दोन ठिकाणच्या गुणवत्ता यादीत नाव लागल्यानंतर काय करावे, हे मात्र क्रमाने सांगणारे फारसे कोणी भेटत नाही. हातात थोडे दिवस असतात, घरात प्रत्येकाचे मत वेगळे असते आणि दोन्ही विद्यापीठांच्या सूचना एकमेकींशी जुळत नाहीत. माझ्या मुलीने इंदूरच्या होळकर विज्ञान महाविद्यालयातून बी.एस्सी. केले. त्यानंतर वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.साठी तिचे नाव पुण्याच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, असे दोन्हीकडे लागले. त्या काळात आम्ही जे शोधले, विचारले आणि तपासले, ते येथे मांडत आहे. उदाहरणे या दोन विद्यापीठांची असली तरी हैदराबाद, दिल्ली किंवा बनारस यांच्यातून निवड करणाऱ्यांनाही बहुतेक पायऱ्या तशाच लागू होतील.

१. सर्वप्रथम मुदती एका कागदावर आणा

दोन्हीकडच्या प्रवेश सूचना पूर्ण वाचून पाच तारखा लिहून काढा: जागा स्वीकारण्याची शेवटची तारीख, शुल्क भरण्याची शेवटची तारीख, मूळ कागदपत्रे पडताळण्याची तारीख, तासिका सुरू होण्याची तारीख आणि विद्यापीठाने जाहीर केलेली प्रवेश बंद होण्याची तारीख. यांतली पाचवी, म्हणजे प्रवेश बंद होण्याची तारीख बहुतेक जण लिहून घेत नाहीत, कारण आपली जागा पक्की झाली की तिचा आपल्याशी संबंध उरला नाही असे वाटते. प्रत्यक्षात शुल्काच्या परताव्याचा सगळा हिशेब याच तारखेवरून होतो, त्यामुळे ती ठळक लिहून ठेवावी.

प्रत्येक राज्याची आणि विद्यापीठाची प्रवेश पद्धत वेगळी असते, हेही ध्यानात ठेवा. गुजरातमधील सरकारी विद्यापीठांचे अर्ज २०२४ पासून ‘जीकॅस’ या राज्यस्तरीय पोर्टलवरून घेतले जातात, तर पुणे विद्यापीठाच्या परिसरातील विभागांसाठी विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा आणि स्वतःचे पोर्टल असते. दिल्ली विद्यापीठाच्या पदवी प्रवेशात मिळालेली जागा ठरलेल्या वेळेत स्वीकारली नाही, तर ती हातची जाते. म्हणून एका विद्यापीठाचा अनुभव दुसऱ्याला लावू नका आणि ‘गेल्या वर्षी दुसरी यादी उशिरा लागली होती’ अशा ऐकीव माहितीवर मुदत टाळू नका.

२. प्रवेश नेमका कशात मिळाला आहे, ते ओळखा

‘पुणे विद्यापीठात नंबर लागला’ या वाक्याचे दोन अर्थ असू शकतात. पुणे विद्यापीठ हे संलग्न महाविद्यालये असलेले विद्यापीठ आहे. गणेशखिंडीच्या परिसरात त्याचे स्वतःचे पदव्युत्तर विभाग आहेत, आणि त्याशिवाय त्याच्याशी जोडलेल्या अनेक महाविद्यालयांतही तोच अभ्यासक्रम चालतो. काही महाविद्यालये स्वायत्त असल्याने आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतात. बडोद्याच्या विद्यापीठाची घडण वेगळी आहे. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात बहुतांश अध्यापन त्याच्या स्वतःच्या विद्याशाखांमध्येच होते आणि अध्यापनाचे माध्यम इंग्रजी आहे.

इंदूरच्या वाचकाला हा फरक लगेच समजेल. खंडवा रोडवरील देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या विभागात शिकणे आणि त्याच विद्यापीठाशी संलग्न असलेल्या गावातील महाविद्यालयात शिकणे, या दोन्हींची पदवी एका नावाची असली तरी शिक्षक, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि वातावरण वेगळे असते. परक्या शहराच्या बाबतीत आपण हा भेद विसरतो आणि नुसत्या विद्यापीठाच्या नावावर समाधान मानतो.

अभ्यासक्रम अनुदानित आहे की सेल्फ फायनान्स म्हणजे विनाअनुदानित, हेही याच टप्प्यावर पाहा. एकाच विभागात दोन्ही प्रकारच्या जागा असू शकतात आणि त्यांच्या शुल्कात मोठी तफावत असते. संस्था खासगी किंवा अभिमत असेल, तर तिचे नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे याची खात्री करा. आयोग बनावट विद्यापीठांची यादीही वेळोवेळी प्रसिद्ध करतो.

३. विद्यापीठांची नव्हे, आपल्या विषयाच्या विभागांची तुलना करा

या लेखात सर्वांत महत्त्वाची पायरी कोणती असे विचारल्यास मी हीच सांगेन. विद्यार्थी दोन किंवा तीन वर्षे विद्यापीठात नव्हे, तर एका विभागात राहतो. त्याला दहा-पंधरा शिक्षक शिकवतात, एका प्रयोगशाळेत किंवा एका ग्रंथालयात त्याचा दिवस जातो, आणि पुढे शिफारसपत्रे लिहितात तीही हीच माणसे.

इंदूरच्या मराठी घरांत पुण्याचे नाव निघाले की निर्णय झाल्यासारखाच असतो. पुण्याबद्दलची ही आपुलकी स्वाभाविक आहे. मात्र विषय बदलला की उत्तरही बदलते. खगोलभौतिकीची आवड असणाऱ्याला पुणे विद्यापीठाच्या परिसरातच आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र मिळते, याची बरोबरी फार थोड्या ठिकाणी होऊ शकेल. उलट चित्रकला, शिल्पकला किंवा कलेतिहास शिकायचा असेल, तर १९५० मध्ये सुरू झालेली बडोद्याची ललित कला विद्याशाखा देशातील अग्रगण्य संस्थांपैकी आहे, आणि संग्रहालयशास्त्राचे शिक्षणही तेथे १९५० च्या दशकापासून दिले जाते. पुरातत्त्व शिकणाऱ्यापुढे बडोद्याचा विभाग आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज अशी दोन्ही बाजूंनी भक्कम निवड असते. आमच्या मुलीच्या विषयात पुण्याकडे आघारकर संशोधन संस्था आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र शहरातच असल्याची जमेची बाजू होती. बडोद्याकडे विभागाचा स्वतःचा वनस्पतिसंग्रह होता आणि तिला ज्या वर्गीकरणशास्त्रात प्रकल्प करायचा होता त्याचे मार्गदर्शन मिळणार होते. दोन वर्षांच्या एम.एस्सी.त शहरातील संस्थांपेक्षा विभागातील मार्गदर्शक रोज उपयोगी पडतो, असा विचार करून तिने बडोदे निवडले. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत हाच विचार पुण्याकडे नेऊ शकेल.

विभागाची माहिती मिळवण्यासाठी खालील प्रश्न दोन्हीकडे अगदी एकसारखे विचारा. एका ठिकाणी एक आणि दुसरीकडे दुसरेच विचारले, तर तुलना होत नाही.

– नियमित शिक्षक किती आहेत आणि तासिका तत्त्वावरचे किती? संकेतस्थळावरील यादीतले निवृत्त झालेले कोण?
– अभ्यासक्रमात छापलेल्या वैकल्पिक विषयांपैकी गेल्या वर्षी प्रत्यक्षात कोणते शिकवले गेले? कागदावर आठ विषय असतात आणि शिक्षकाअभावी तीनच चालतात, असे अनेक विभागांत होते.
– शेवटच्या सत्रात प्रबंध किंवा प्रकल्प अनिवार्य आहे का, आणि मार्गदर्शक कसा ठरतो?
– गेल्या दोन तुकड्यांचे निकाल वेळेवर लागले का? निकाल लांबला, तर पुढचा प्रवेश किंवा नोकरी हातातून जाऊ शकते. म्हणून हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही.
– विभागातून नेट (प्राध्यापकपदाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण होणारे, पीएच.डी.ला जाणारे किंवा नोकरीला लागणारे कोण, आणि ते कोठे आहेत?

शिक्षकांना ई-मेल पाठवताना स्वतःची ओळख, प्रवेशाचा क्रमांक आणि दोनच नेमके प्रश्न लिहावेत. लांबलचक पत्राला उत्तर येण्याची शक्यता कमी असते. दुसऱ्या वर्षात शिकणारे विद्यार्थी अधिक मोकळेपणाने बोलतात. परंतु एकाच विद्यार्थ्याच्या मतावर विसंबू नका; किमान दोघांशी, आणि शक्य असल्यास त्यांपैकी एका परप्रांतीय विद्यार्थ्याशी बोला. स्थानिक विद्यार्थ्याला वसतिगृह, भाषा आणि सुट्यांतील अडचणी ठाऊक नसतात.

क्रमवारीबद्दल थोडे लिहितो, कारण घरातील निम्मी चर्चा तिच्यावरच होते. राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी म्हणजे एनआयआरएफ २०१६ पासून प्रसिद्ध होते. विद्यापीठांसाठी अध्यापनाची साधने ३० टक्के, संशोधन ३० टक्के, विद्यार्थ्यांचे निकाल २० टक्के, समावेशकता १० टक्के आणि लोकमत १० टक्के, अशी तिची विभागणी आहे. विद्यापीठाचा क्रमांक त्याच्या सर्व विद्याशाखा मिळून ठरतो, त्यावरून तुमचा विभाग कसा आहे हे कळत नाही. तथापि या क्रमवारीचा एक वेगळा उपयोग फार थोडे लोक करतात. सहभागी संस्थेने सादर केलेली माहिती तिच्या संकेतस्थळावर ठेवलेली असते. त्यात राज्यातील विद्यार्थी किती, राज्याबाहेरील किती, मुली किती, किती जणांना नोकरी लागली, वेतनाचा मध्यक (मीडियन) काय आणि उच्च शिक्षणाकडे किती गेले, हे आकडे दिलेले असतात. राज्याबाहेरील विद्यार्थ्यांची संख्या दोन्हीकडे पाहा. ती नगण्य असेल, तर परक्या मुलांसाठीच्या व्यवस्था तेथे कितपत रुळलेल्या आहेत याची वेगळी चौकशी करावी. नॅक या मूल्यांकन संस्थेने दिलेली श्रेणी पाहताना तिची मुदत संपलेली नाही ना, एवढे तपासा.

४. अधिवास, आरक्षण आणि शिष्यवृत्ती यांबद्दलचे गैरसमज दूर करा

आपण मराठी आहोत, मूळ गाव सातारा किंवा रत्नागिरी आहे, कुलदैवत महाराष्ट्रात आहे. त्यामुळे महाराष्ट्रात आपल्याला गृहराज्याचे उमेदवार मानतील, असा समज इंदूर-ग्वाल्हेरच्या अनेक कुटुंबांत दिसतो. तसे होत नाही. अधिवास हा वास्तव्यावर, शिक्षण कोठे झाले यावर आणि काही प्रवेशांत आई-वडिलांच्या अधिवासावर ठरतो, मातृभाषेवर नाही. मातृभाषा मराठी असल्याचा आधार महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत कर्नाटकाशी वाद असलेल्या सीमाभागातील गावांसाठी आहे. मध्य प्रदेश त्यात येत नाही. तुमचा प्रवेश राज्याबाहेरील उमेदवारांच्या जागेवर झाला आहे का आणि त्या जागेचे शुल्क वेगळे आहे का, हे लेखी विचारून घ्या.

आरक्षणाचेही असेच आहे. जात तीच असली तरी मध्य प्रदेशचे जात प्रमाणपत्र महाराष्ट्र किंवा गुजरात राज्याच्या कोट्यातील जागेसाठी सामान्यतः चालत नाही, कारण आरक्षणाच्या याद्या राज्यनिहाय असतात. केंद्रीय विद्यापीठांत मात्र तुमच्या गृहराज्याच्या नोंदीनुसार आरक्षण मिळते. तेथे इतर मागासवर्गाचे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात आणि चालू आर्थिक वर्षातील लागते. राज्याच्या नमुन्यातील प्रमाणपत्र घेऊन गेल्यास पडताळणीत अडचण येते. आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्रही त्या वर्षापुरतेच असते. दोन विद्यापीठांपैकी एक केंद्रीय आणि एक राज्याचे असेल, तर या एका गोष्टीने शुल्काचे आणि वसतिगृहाचे गणित बदलू शकते.

शिष्यवृत्तीबाबत नेहमी होणारी चूक म्हणजे ज्या राज्यात शिकायला जायचे, त्या राज्याच्या योजनांकडे आशेने पाहणे. महाराष्ट्राच्या ‘महाडीबीटी’ या शासकीय पोर्टलवरील बहुतेक योजना महाराष्ट्राचा अधिवास असलेल्यांसाठी आहेत. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थी ज्या राज्याचा कायम रहिवासी आहे ते राज्य देते. म्हणजे बडोद्यात शिकत असलात तरी अर्ज मध्य प्रदेशाकडेच करायचा असतो. मध्य प्रदेशच्या अन्य योजना राज्याबाहेरील कोणत्या संस्थांना लागू होतात, हे संस्थेच्या नावानिशी तपासा. बारावीत मंडळाच्या वरच्या २० शतमकात (पर्सेंटाइल) आलेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्यांना मिळणारी केंद्रीय शिष्यवृत्ती, पदवीला वर्षाला १२,००० आणि पदव्युत्तर शिक्षणाला २०,००० रुपये, शहर बदलले तरी चालू राहते. फक्त दरवर्षी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी ७५ टक्के उपस्थिती व ५० टक्के गुण लागतात.

५. पूर्ण अभ्यासक्रमाचा खर्च एका आकड्यात मांडा

पहिल्या सत्राच्या शुल्काची तुलना करू नका. शुल्क, परीक्षा शुल्क, पात्रता प्रमाणपत्राचे शुल्क, परत मिळणारी अनामत रक्कम, वसतिगृह किंवा भाडे, मेस, स्थानिक प्रवास, अभ्यास सहली, प्रकल्पाचा खर्च आणि वर्षातून तीन-चार वेळा घरी येण्याचे भाडे, हे सगळे मांडून दोन वर्षांची एक बेरीज काढा. समजा, एका विद्यापीठाचे वार्षिक शुल्क २०,००० रुपयांनी कमी आहे, परंतु त्या शहरात खोलीचे भाडे महिन्याला ४,००० रुपयांनी अधिक आहे. दहा महिन्यांतच भाड्यापोटी ४०,००० जास्त जातात आणि स्वस्त वाटणारी जागा महाग ठरते. अनामत रक्कम वेगळ्या रकान्यात ठेवा, कारण ती परत मिळायची असते.

शैक्षणिक कर्ज घ्यायचे असेल, तर निवड करण्यापूर्वीच बँकेत जा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते, आणि वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर अटींच्या अधीन राहून व्याजात तीन टक्के सवलत आहे. तुमच्या दोनांपैकी कोणती संस्था त्या यादीत आहे, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. बँक प्रवेशपत्र आणि शुल्काचा अधिकृत तपशील मागते, तो दोन्ही विद्यापीठांकडून घेऊन ठेवावा.

६. राहण्याची सोय लेखी पक्की करा

प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृह मिळाले, असे नसते. वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो, त्याची यादी वेगळी लागते आणि ती प्रवेशानंतर बऱ्याच दिवसांनी लागू शकते. परप्रांतीय विद्यार्थ्यांसाठी किती जागा आहेत, यादी केव्हा लागेल, तोपर्यंत तात्पुरती सोय होते का, दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्यांत खोली रिकामी करावी लागते का, मुलींसाठी रात्री आत येण्याची वेळ काय, एवढे विचाराच.

‘पुण्यात मावशी आहे, काळजी नाही’ हे वाक्य आमच्याही घरात आले होते. नातेवाइकांचा आधार मोलाचा असतो. आजारपणात, अडचणीत, सणावाराला हक्काचे घर असणे ही खरोखर मोठी गोष्ट आहे. परंतु दोन वर्षे त्यांच्याकडेच राहायचे ठरवताना अंतर मोजा. हडपसर किंवा सिंहगड रोडवरून गणेशखिंडीला रोज ये-जा करायची म्हणजे दिवसाचे किती तास बसमध्ये जातील, आणि संध्याकाळी सहानंतर प्रयोगशाळेत थांबता येईल का, याचा विचार करा. मावशींनाही मोकळेपणाने विचारा. संकोचाने ‘हो’ म्हणण्याची वेळ त्यांच्यावर आणू नये. बडोद्यात विद्यापीठाचा मुख्य परिसर रेल्वे स्थानकाला लागून असलेल्या सयाजीगंज भागात असल्याने एकटीने ये-जा करणाऱ्या मुलीला ते सोयीचे पडते. शहरात दांडिया बाजार आणि रावपुऱ्याच्या भागात गायकवाडी काळापासूनची मराठी वस्ती असल्याने नव्या मुलांना घरपण मिळू शकते.

बाहेर खोली घेणार असाल, तर पुण्यात कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एका खाटेपुरती, जागा मिळते. तिचे भाडे, डिपॉझिट, लाइट बिल आणि खोली सोडण्याच्या नोटिशीचा काळ लिहून घ्या. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे कायद्याने बंधनकारक आहे. पोलिसांकडे भाडेकरूची नोंदही करून घ्या. कराराची प्रत पुढे बँकेत आणि गॅस जोडणीसाठी उपयोगी पडते.

७. दोन्ही ठिकाणे एकाच फेरीत पाहून या

इंदूरकरांना येथे एक सोय आपोआप मिळते. इंदूरहून पुण्याला जाणारी रेल्वे रतलाम, बडोदे, सुरत या मार्गानेच जाते. बडोद्याला उतरून दिवसभर विभाग आणि वसतिगृह पाहायचे, रात्रीच्या गाडीने पुणे गाठायचे आणि दुसऱ्या दिवशी तेथील काम उरकून परतायचे, असे आखता येते. सुटीचा दिवस टाळा. कार्यालय बंद असलेल्या दिवशी केवळ इमारती पाहायला मिळतात.

विभागात गेल्यावर सूचना फलक वाचा. त्यावरील वेळापत्रक, व्याख्यानांच्या सूचना आणि प्रकल्पांच्या याद्या पाहून विभाग किती जागता आहे ते समजते. प्रयोगशाळेतील उपकरणे वापरात आहेत का, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते आणि परीक्षेच्या दिवसांत किती वाजेपर्यंत, हे विचारा. वसतिगृह संध्याकाळी पाहावे, मेसमध्ये एकदा जेवावे. आई-वडील सोबत असतील तर त्यांनी थोडा वेळ बाहेर थांबून मुलाला किंवा मुलीला तेथील विद्यार्थ्यांशी एकट्याने बोलू द्यावे. पालकांसमोर मुले मोकळेपणाने बोलत नाहीत. आणि परतल्यावर अंतिम शब्दही विद्यार्थ्याचाच असावा, असे मला मनापासून वाटते. पैशाची मर्यादा पालकांनी स्पष्ट सांगावी, त्या मर्यादेच्या आतली निवड मात्र शिकणाऱ्याची असावी.

८. कागदपत्रे निर्णयाआधीच जमवा

निर्णय होईपर्यंत थांबू नका, कारण यांतील बहुतेक कागद दोन्हीकडे लागतात:

– दहावी आणि बारावीची गुणपत्रके व प्रमाणपत्रे. पदवीच्या सर्व सत्रांची गुणपत्रके
– तात्पुरते पदवी प्रमाणपत्र; अंतिम निकाल बाकी असल्यास महाविद्यालयाचे पत्र आणि हमीपत्र
– महाविद्यालय सोडल्याचा दाखला म्हणजे टीसी, आणि वर्तणुकीचा दाखला
– मायग्रेशन म्हणजे विद्यापीठ बदलण्यासाठीचे प्रमाणपत्र
– मूल निवासी, उत्पन्न आणि लागू असल्यास जात किंवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र
– शिक्षणात खंड असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र
– आधार, छायाचित्रे, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते, अपार (विद्यार्थ्याचा राष्ट्रीय ओळख क्रमांक) किंवा श्रेयांक बँकेचा क्रमांक
– वैद्यकीय प्रमाणपत्र आणि रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्राची प्रत

मूल निवासी आणि उत्पन्नाचे दाखले लोकसेवा केंद्रातून मिळतात आणि त्यासाठी समग्र आयडी (मध्य प्रदेशातील रहिवाशांचा नोंदणी क्रमांक) लागतो. त्यातील नावाचे स्पेलिंग आधारशी आणि दहावीच्या गुणपत्रकाशी जुळते का, हे आधी पाहा. मराठी घरांत वडिलांचे नाव मधले नाव म्हणून लिहितात, मध्य प्रदेशातील कागदांवर ते कधी असते, कधी नसते. हा फरक दुसऱ्या राज्याच्या पडताळणीत नेमका अडतो, म्हणून एकाच व्यक्तीची दोन नावे असल्याचे प्रतिज्ञापत्र बरोबर ठेवावे.

टीसी आणि मायग्रेशनची मूळ प्रत एकच मिळते. ती ज्या विद्यापीठात शेवटी जायचे तेथेच द्यावी. दुसऱ्या मंडळातून किंवा विद्यापीठातून आलेल्यांना पुण्यात आणि गुजरातमध्येही पात्रता प्रमाणपत्राची प्रक्रिया पूर्ण करावी लागते. तिची मुदत चुकल्यास परीक्षा अर्ज अडकू शकतो.

९. एक जागा पक्की झाल्यावरच दुसरी सोडा

मुदती पुढे-मागे असल्याने पुष्कळदा आधी एकीकडे शुल्क भरावे लागते आणि नंतर दुसरीकडची यादी लागते. अशा वेळी भरलेले पैसे बुडतील या भीतीने चांगली जागा सोडू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास संपूर्ण शुल्क परत मिळते. त्यातून प्रक्रिया खर्च म्हणून जास्तीत जास्त ५ टक्के आणि कमाल ५,००० रुपये कापता येतात. १५ दिवसांहून कमी अवधी उरला असताना रद्द केल्यास ९० टक्के, शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, शेवटच्या तारखेनंतर १६ ते ३० दिवसांत ५० टक्के शुल्क परत मिळते आणि त्यापुढे काहीही मिळत नाही. अनामत रक्कम मात्र पूर्ण परत करावी लागते. काही वर्षी आयोग याहून उदार परिपत्रक काढतो: २०२४-२५ साठी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत कमाल १,००० रुपये कपात, असा नियम होता. आपल्या वर्षाचे परिपत्रक शोधून त्याची प्रत जवळ ठेवा. तंत्रशिक्षण परिषदेच्या अखत्यारीतील अभ्यासक्रमांचे नियम वेगळे आहेत, ते स्वतंत्र पाहावेत.

याच अधिसूचनेनुसार संस्थेला विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत. पडताळणी करून ती परत द्यायची असतात. कोणी ‘मूळ कागद आमच्याकडेच राहतील’ असे म्हटल्यास नम्रपणे नियम दाखवा आणि लेखी उत्तर मागा.

निवडलेल्या विद्यापीठात शुल्काची पावती, प्रवेश क्रमांक आणि कागदपत्रांची पडताळणी, तिन्ही हातात आल्यावर त्याच दिवशी दुसऱ्या विद्यापीठाला प्रवेश रद्द करण्याचा अर्ज द्या. फोनवर सांगणे पुरेसे नाही. अर्जात नाव, अर्ज क्रमांक, अभ्यासक्रम, शुल्काच्या पावतीचा क्रमांक आणि बँकेचा तपशील लिहा. पोर्टलवर सोय असेल तर तेथे आणि शिवाय ई-मेलने पाठवा, व पोच जपून ठेवा. तुमची जागा जितकी लवकर मोकळी होईल, तितक्या लवकर प्रतीक्षा यादीतील एखाद्या मुलाला ती मिळेल. तोही तुमच्यासारखाच रोज यादी उघडून पाहत असतो. परतावा अर्जानंतर १५ दिवसांत मिळणे अपेक्षित आहे. तो न आल्यास आधी कुलसचिव कार्यालयाला स्मरणपत्र पाठवा, आणि तरीही काम न झाल्यास आयोगाच्या ‘ई-समाधान’ पोर्टलवर पावती, रद्द करण्याचा अर्ज आणि त्याची पोच जोडून तक्रार नोंदवा.